साक्षीदार आणि पंच

ज्याचे जळते त्याला कळते, अशी म्हण आपल्याकडे आहे. ती इतकी तोंडात बसलेली आहे की तिच्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ज्याचे जळते त्याला कळते हे आपण कबूल करतो. पण जळते आहे ते विझवायचे कसे, हे ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही. त्याला बाजूला बसवितात, पाणी पाजतात, आणि बादल्या कोणी कोठून आणायच्या हे दुसरेच लोक ठरवितात. घराला आग लागली असेल तर हे ठीकच आहे. घरधनी त्या वेळी भानावर नसतो. परंतु काही आगी वीस-वीस वर्षे जळत राहतात. त्यांत होरपळणाऱ्याला विचार करायला हवा तेवढा वेळ मिळालेला असतो, आणि तरीही तो भानावर नाही असेच धरून चालतात. दारूचे व्यसन ही अशी आग आहे.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. व्यसनमुक्तीचे धोरण जेथे ठरते तेथे, फौजेतून निवृत्त होऊन व्यसनात सापडलेल्या माणसाला जागा असावी काय? आणि असावी तर कोणत्या नात्याने? गावच्या बैठकीत साक्षीदार येतो आणि पंचही येतो. साक्षीदार उभा राहून बोलतो आणि निघून जातो. पंच बसून ऐकतो आणि निकालाला आपले मत देतो. व्यसनी माणसाला आपण फार तर साक्षीदार करतो. व्यासपीठावर आणून त्याची कहाणी ऐकतो, हळहळतो, टाळ्या वाजवितो. मग तो खाली उतरतो, आणि ठराव आधीच टाइप करून ठेवलेला असतो.

निवृत्त सैनिकच का, असे कोणी विचारील. व्यसन गवंड्याला लागते, वकिलाला लागते, माझ्यासारख्या मास्तरालाही लागते. हे खरे आहे. पण मी सातारा जिल्ह्यात राहतो. येथे अपशिंगे नावाचे गाव आहे, त्याच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. अशा मुलखात माजी सैनिक हा कोणी दूरचा प्राणी नसतो. तो सोसायटीचा चेअरमन असतो, बँकेच्या दारातला पहारेकरी असतो, माझ्या वर्गातल्या पोराचा आजा असतो. आणि त्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की जी गवंड्याच्या किंवा मास्तराच्या बाबतीत नाही. त्याच्यापुढचा पहिला पेला पुष्कळदा सरकारच्या हातून आलेला असतो.

ही काही आपल्याच देशाची रीत नव्हे. इंग्रजांच्या आरमारात खलाशाला रोज रम वाटण्याची चाल थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होती. आपल्याकडे तर याला न्यायालयाचा दाखला आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा लष्करी मेस आणि कॅन्टीन यांना त्यातून सूट देण्याची सोय ठेवली. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्या कायद्याला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५१ साली न्यायालयाने ही सूट रास्त ठरविली. सेनादले हा वेगळा वर्ग आहे, त्यांचे नियम वेगळे, त्यांचे जिणे खडतर, असा त्यामागचा विचार होता. बेताच्या मद्याने जवानाचा हुरूप टिकतो, ही बाजूही त्यात होती. मी या निकालावर टीका करायला बसलेलो नाही. बर्फात उभे राहिलेल्या माणसाला काय द्यावे, हे उबेत बसून सांगण्याचा माझा अधिकार नाही. शिवाय बहुसंख्य जवान पेला घेतात आणि खाली ठेवतात. पण ज्याला तो खाली ठेवता आला नाही, त्याच्याविषयी मात्र मला म्हणावेसे वाटते की, प्यायला शिकविताना तू वेगळा वर्ग आहेस असे त्याला सांगितले होते. तर सोडविताना तू चारचौघांसारखाच एक दारुडा आहेस, असे म्हणून त्याला रांगेत उभे करता येणार नाही.

विचारल्यावाचून धोरण ठरविले म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे दारूऐवजी हेरॉइन होते. १९७१ च्या मे महिन्यात त्यांच्या संसदेतले दोन सभासद व्हिएतनामहून परतले आणि म्हणाले की, तिथल्या शेकडा दहा ते पंधरा जवानांना हेरॉइनची चटक लागली आहे. देश हादरला. हेरॉइन एकदा लागले की सुटत नाही, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. आता हे हजारो तरुण घरी येणार आणि गल्लोगल्ली काय करणार? जून महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी डॉक्टर जेरोम जॅफी यांना या कामावर नेमले. जवानाने विमानात चढण्याआधी लघवी तपासून द्यायची, त्यात अमली पदार्थ सापडला तर घरी जाणे लांबणीवर, असा नियम झाला.

मग ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी एक साधी गोष्ट केली. परतलेल्या सुमारे नऊशे जवानांना गाठून त्यांच्या माणसांनी एकेकाला विचारले. नुसते विचारले नाही, लघवीही तपासली, लष्कराच्या कागदांशी ताडूनही पाहिले. आणि जवान बहुतेक खरेच बोलले असे आढळले. तिकडे असताना जवळजवळ निम्म्यांनी अफू किंवा हेरॉइन चाखले होते, पाचांतला एक जण त्याच्या पुरता आहारी गेला होता. पण अशा आहारी गेलेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकले ते शेकडा पाचच्या आसपास. बाकीच्यांची चटक ती भूमी, ते भय आणि ती फुरसत यांच्याबरोबरच मागे राहिली होती. एका पिढीची पक्की समजूत, ज्यांच्याविषयी ती होती त्यांना विचारताच ढासळली. पुष्कळ दिवस तज्ज्ञांनाही हे पटले नाही.

पण येथेही जवान साक्षीदारच होता. पंच होण्याचा प्रयत्न त्याने दुसरीकडे केला, आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता केला. १९७० च्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिक आपापसांत बोलायला जमू लागले. सरकारी रुग्णालयावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान या दोन मनोविकारतज्ज्ञांना आपल्या बैठकीला बोलाविले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. डॉक्टर पाहुणे होते आणि रोगी यजमान होते. बैठकीची जागा, वेळ, रीत ही यजमानांची होती. १९७९ साली अमेरिकन संसदेने माजी सैनिकांसाठी रुग्णालयांपासून वेगळी अशी सल्लाकेंद्रे काढण्याचा कायदा केला, आणि त्यांत सल्ला द्यायला माजी सैनिकच पुष्कळ होते. १९८० साली त्यांच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत, आघातानंतर मनात उरणाऱ्या त्या विकाराला स्वतःचे नाव मिळाले. हे सारे त्या बैठकांमुळेच झाले असे मी म्हणणार नाही. पण त्या बैठका नसत्या तर ते तसे झाले नसते, एवढे नक्की.

आणि तरीही, पुढे काय झाले पाहा. विस्कॉन्सिन राज्यातल्या टोमा या गावी माजी सैनिकांचे सरकारी रुग्णालय आहे. तेथे अफूपासून केलेल्या वेदनाशामक गोळ्या इतक्या सढळ हाताने मिळत की रोग्यांनीच त्या जागेला ‘कँडी लँड’, म्हणजे खाऊचा गाव, असे नाव ठेवले होते. २०१४ साली तेथे उपचार घेत असलेला एक तरुण माजी सैनिक दिलेल्या औषधांच्या मिश्रणाने मेला. मग वर्तमानपत्रे आली, चौकशा आल्या, २०१६ साली कायदा आला, त्यात रुग्णांची बाजू घेणारे वेगळे कार्यालयही आले. पण नाव आधीच ठेवलेले होते! जे चौकशी समितीला शोधावे लागले ते रोग्यांच्या थट्टेत केव्हाच येऊन गेले होते. साक्ष होती. ती घ्यायला कोणी बसलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. ती दुबळी नाही, आणि ज्यांना ती दुबळी वाटते त्यांनी व्यसन जवळून पाहिलेले नाही असे मी समजतो.

व्यसनातून बाहेर आलेला माणूस दुसऱ्याला बाहेर काढू शकतो, हे आता कोणी नाकारीत नाही. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सुरू झाली ती याच पायावर. तिच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन हे पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी होते. आपल्या पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढले, तेथेही बरे झालेले मित्र समुपदेशक म्हणून उभे राहिले. परंतु एका माणसाचा हात धरणे वेगळे आणि हजार माणसांचा रस्ता आखणे वेगळे. बरा झालेला माणूस पुष्कळदा आपण ज्या वाटेने आलो ती एकच वाट खरी मानतो. “मी मर्दासारखी एका दिवसात सोडली,” असे छाती ठोकून सांगणारे माजी सैनिक मी पाहिले आहेत. ते खोटे बोलत नाहीत. पण वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर त्याला झटके येतात, भ्रम होतो, आणि वैद्यकीय मदत नसेल तर कधी जीवही जातो. मर्दासारखी सोडायला गेलेले काही जण गोष्ट सांगायला उरलेले नसतात. म्हणजे जो बोलायला येतो तो वाचलेलाच असतो, ही या साक्षीतली मोठी खोट आहे. समितीत त्याचा एकट्याचा शब्द चालू लागला तर डॉक्टरांना बाहेर घालवून धीराची आणि शिस्तीची व्याख्याने सुरू होतील, आणि कोणी तरी त्यात मरेल.

हे सगळे मान्य करूनही माझे मत बदलत नाही, कारण पंच एकटा नसतो. पाच जणांत एकाचे मत चुकीचे निघाले तर चौघे त्याला अडवितात. डॉक्टरांच्या चुकीला अडवायला मात्र टोमा गावी कोणी नव्हते. माझी मागणी माजी सैनिकाने डॉक्टरला हुकूम द्यावा अशी नाही. डॉक्टरने ठराव वाचला की, “साहेब, हे आमच्या घरी चालणार नाही,” असे म्हणणारा कोणी तरी त्या खोलीत असावा, आणि ते म्हटल्यावर ठराव पुन्हा लिहावा लागावा, एवढीच आहे.

आपल्या कायद्याने तर दार उघडून ठेवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थ यांच्या अतिसेवनाशी जोडलेल्या मनोवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. त्याच कायद्याने केंद्राच्या आणि राज्याच्या प्राधिकरणावर, ज्यांना असा आजार आहे किंवा होता त्यांचे दोन प्रतिनिधी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी घ्यायला सांगितले आहे. वाचून मला बरे वाटले. पण खुर्ची आणि आवाज यांत किती अंतर असते हे मास्तराला कोणी शिकवायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक बसविले. बैठक होते. पालक येतात, चपला बाहेर काढतात, आणि पहिला प्रश्न विचारतात, “सही कुठं करायची, गुरुजी?”

माजी सैनिकाच्या बाबतीत हे अधिकच अवघड आहे, कारण न विचारता सही करणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग होता. आमच्या गावात निवृत्त झालेल्या कोणत्याही जवानाला ‘मेजर’ म्हणतात. खरा हुद्दा नाईक असो की हवालदार असो, गावाने त्याला बढती देऊन टाकलेली असते. असेच एक मेजर माझ्या घरापासून चार घरे पलीकडे राहतात. अकरा वर्षे प्याले, आता सहा वर्षे पीत नाहीत. मी त्यांना एकदा विचारले की, जिल्ह्याच्या समितीवर तुम्हाला घेतले तर जाल का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “समितीत कर्नलसाहेब असतील का?” मी म्हटले, असतीलच, माजी सैनिकांचा प्रतिनिधी म्हणून बहुधा त्यांनाच घेतात. तेव्हा ते म्हणाले, “मग मी बसायचं का उभं राहायचं?”

या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. फौज सुटली तरी हुद्दा सुटत नाही. कॅन्टीनच्या कार्डावर मिळणारी दारूसुद्धा हुद्द्याप्रमाणे कमीजास्त असते. ‘माजी सैनिकांचा आवाज’ असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणाचा आवाज, हे विचारायलाच हवे. कर्नलसाहेब भले गृहस्थ असतील, पण त्यांच्या बंगल्यात आणि मेजरांच्या दोन खोल्यांत दारू एकच असली तरी तिचे बस्तान वेगळे असते.

मेजरांनी मला पुढे जे सांगितले ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. ते म्हणाले, “गुरुजी, दारू सोडणं सोपं. कार्ड सोडणं अवघड.” कार्डावरची बाटली बाजारापेक्षा स्वस्त आणि अस्सल, म्हणून सगळ्या भावकीचा डोळा तिच्यावर. कोणाच्या पोराची हळद, कोणाचे तलाठ्याकडले काम, कोणाचा मुंबईहून आलेला पाहुणा. आपण पीत नाही हे सांगून चालत नाही. “तू नको पिऊ, आम्हाला तर आण,” असे उत्तर तयार असते. नाही म्हटले तर माणूस माजला. म्हणून ज्याने दारू सोडली त्याला दर महिन्याला दारूच्याच रांगेत उभे राहावे लागते, आणि ती बाटली पिशवीत घेऊन एस. टी. तून पन्नास मिनिटे मांडीवर सांभाळावी लागते. “मला व्याख्यान नको,” मेजर म्हणाले. “माझ्या मागणीवरनं कार्डावर शिक्का मारून द्या, याला दारू मिळणार नाही म्हणून. म्हणजे मागणाऱ्याला दाखवता येईल. सरकारचा हुकूम आहे म्हणलं की सगळे गप बसतात.”

ज्या माणसाला आयुष्यभर हुकूम पाळायला शिकविले, तो आपल्या सुटकेसाठी एक हुकूमच मागत होता, आणि तो हुकूम त्याच्या अशक्त इच्छेला नव्हे, तर भावकीच्या सशक्त इच्छेला घातलेला असावा अशी त्याची मागणी होती. डॉक्टरला हे सुचले नसते. कर्नलसाहेबांकडे कोणी हळदीला बाटली मागायला जात नाही, म्हणून त्यांनाही सुचले नसते. आणि मी कादंबऱ्या लिहितो, मुक्यांना वाचा देतो असे समारंभांतून माझी ओळख करून देणारे सांगतात. पण मेजरांवर मी कादंबरी लिहिली असती तर बर्फ लिहिला असता, गोळीबार लिहिला असता, शेजारच्या खंदकातला मेलेला मित्र लिहिला असता. एस. टी. तली पिशवी लिहिली नसती.

त्यांच्या घरच्या बाई हे सगळे ऐकत होत्या. पीठ चाळता चाळता त्या म्हणाल्या, “शिक्का मारायच्या आधी मला विचारलं असतं तर सहा वर्षं आधीच मारला असता.” हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या राज्यात गावातले परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी बायकांना मतदान मागता येते; उभी बाटली की आडवी बाटली, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवी म्हटली तर दुकान बंद. म्हणजे येथे बाईला साक्षीदार न ठेवता सरळ पंच केले आहे. परंतु हे मतदान गावातल्या दुकानाविषयी असते, जिल्ह्याच्या ठिकाणाहून पिशवीतून येणाऱ्या बाटलीविषयी नसते. फौजीच्या बायकोने आडवी बाटली निवडून आणली तरी तिच्या फडताळातली उभीच राहते. काळजी घेणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी कायद्याने मागितले आहेत, त्यांतली एक खुर्ची अशा बाईची असावी असे मला वाटते, आणि ती नवऱ्याच्या शेजारी नसावी.

उरला तो, ज्याची अजून सुटलेली नाही. समितीवर घ्यायचा माणूस बरा झालेला असावा, याविषयी सगळ्यांचे एकमत असते. मेजरांचेही होते. पण धोरण मुख्यतः ज्याच्यासाठी आहे तो बरा झालेला नाही, आणि उपचारापर्यंत तो का येत नाही हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक? आमच्या एस. टी. स्टँडवर असा एक जण बसतो. तोही मेजरच. सकाळी त्याचे हात इतके कापतात की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. दुपारनंतर शब्दच शब्द असतात, त्यांना शेवट नसतो. मध्ये, पहिली क्वार्टर पोटात गेल्यावर, दहा ते साडेअकराच्या सुमाराला तो अगदी सरळ आणि मुद्द्याचे बोलतो. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा जाऊन तो दोनदा पळून का आला, हे त्याने मला अशाच एका सकाळी सांगितले. दोन्ही कारणे वेगळी होती आणि दोन्ही दुरुस्त करता येण्यासारखी होती. त्याला बोलवायचे तर बैठक दुपारी तीनला ठेवून चालणार नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही ठेवून चालणार नाही. ती दहा वाजता, स्टँडच्या कॅन्टीनमध्ये ठेवावी लागेल, आणि कर्नलसाहेबांना नऊच्या एस. टी. ने यावे लागेल.